पक्षाविरुद्ध दिलेले मत कसे मोजावे?

प्रश्न: लोकप्रतिनिधी किती टक्के वेळा पक्षाबरोबर मत देतो, यावरून त्याचे स्वातंत्र्य ठरवता येते का?

उत्तर १: केवळ टक्केवारीवरून नाही, कारण तिच्यात किरकोळ ठराव आणि निर्णायक विधेयके एकाच मापाने मोजली जातात. अमेरिकी सिनेटर जॉन मॅकेन बहुधा रिपब्लिकन पक्षाबरोबरच असत. पण जुलै २०१७ मध्ये ओबामाकालीन आरोग्यविमा कायद्याचा काही भाग रद्द करणारा प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला, तेव्हा विरोधात गेलेल्या तीन रिपब्लिकनांपैकी ते एक होते.

उत्तर २: भारतीय खासदारांना मात्र ही मोजपट्टी लावणे अन्यायाचे आहे. १९८५ मध्ये राज्यघटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षादेश (व्हिप) मोडल्यास सदस्यत्व जाऊ शकते (पक्षाने पंधरा दिवसांत माफ केल्यास गोष्ट वेगळी), आणि आवाजी मतदानात तर वैयक्तिक नोंदच होत नाही.

प्रश्नकर्ता: मतदानाला गैरहजर राहिले तर?

उत्तर २: पक्षादेश असताना तेही उल्लंघनच ठरते.