बाडमेरचं तेल मेणचट का? श्रेय तळ्याचंच!

भूगोलवेडा: राजस्थानात बाडमेरजवळचं मंगला तेलक्षेत्र २००४ मध्ये सापडलं. तिथलं कच्चं तेल ४० अंशांच्या आसपासच थिजायला लागतं, थंडीतल्या खोबरेलासारखं. म्हणून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची जवळजवळ ६७० किलोमीटर पाइपलाइन सतत गरम ठेवावी लागते. माझं म्हणणं, हा सगळा तळ्याचा गुण. पॅलिओसीन काळात (साधारण सहा कोटी वर्षांपूर्वी) तिथल्या खचदरीत, म्हणजे जमीन खचून झालेल्या दरीत, सरोवर होतं. तळाशी प्राणवायू नाही, त्यामुळे शेवाळ कुजून न जाता गाळात साठत गेलं. त्याच गाळातून पुढे तेल झालं, आणि शेवाळातल्या चरबीच्या लांब साखळ्या म्हणजेच हे मेण. आणि गोड्या पाण्यात सल्फेट (गंधकाचे क्षार) कमी, म्हणून तेलात गंधकही कमी.

उलटतपासणी: मेण दिसलं की तळं, हे काही पटलं नाही. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचं तेलही ३० अंशांच्या आसपास घट्ट होतं. त्याचा उगम पन्ना फॉर्मेशन या खडकाच्या थरात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या गाळात. तिथे कुठलं आलंय सरोवर? झाडांच्या पानांवरही मेण असतंच, नदीनं ते वाहून आणलं की झालं.

भूगोलवेडा: पानांचं मान्य. पण नुसत्या मेणावर कोण थांबतं? सुमात्राच्या मिनास क्षेत्रातल्या तेलात बोट्रिओकोकेन नावाचं रसायन सापडलं. ते बोट्रिओकोकस या शेवाळाची खूण आहे, आणि हे शेवाळ गोड्या-मचूळ पाण्यातलं. पानं ही खूण कुठून देणार?

खारवट: गंधकाचं मात्र तुम्ही फारच सरसकट बोललात, राव. चीनमधल्या जियांगहान खोऱ्यातही सरोवरच होतं, पण आटत आटत खारं झालेलं. तिथल्या तेलात गंधक भरपूर. त्याच चीनमध्ये दाचिंग तेलक्षेत्राचं तेलही सरोवराचंच, मेणचट आणि गंधक अगदी थोडं. आता सांगा, ‘तळ्याचा गुण’ यातला कोणता?

उलटतपासणी: शिवाय सरोवर खोल असलं म्हणून तळाचा प्राणवायू संपतोच असं नाही. सायबेरियातलं बैकाल सरोवर १६४२ मीटर खोल, तरी तळापर्यंत प्राणवायू पोचतो. आफ्रिकेतलं टांगानिका त्याहून उथळ, पण वरचे शे-दोनशे मीटर सोडले तर खाली काही नाही. उष्ण प्रदेशात वरचं कोमट पाणी आणि खालचं गार पाणी एकमेकांत नीट ढवळलंच जात नाही. मग श्रेय हवामानाला द्या की!

भूगोलवेडा: विरजण लागायला ऊब हवी, म्हणून दह्याचं श्रेय उन्हाळ्याला देता का? दूध नको? खारवट यांचा मुद्दा मात्र बिनतोड. ‘तळं’ नव्हे, ‘गोडं तळं’ लिहायला हवं होतं. शीर्षक बदलणार नाही, तेवढं चालवून घ्या.