दोन रील टाका म्हणे, गिऱ्हाईक दारात!

चौदा_आणे:
परवा एका डिजिटल मार्केटिंगवाल्याची पोस्ट फिरत होती. म्हणे ज्या बागायतदाराचं इन्स्टा पेज नाही त्याने दलालाच्या नावाने रडू नये. दोन रील टाकाव्यात, गिऱ्हाईक थेट दारात. भावकीच्या ग्रुपवर तिघांनी मलाच ती चिकटवली, म्हणून लिहितोय.

देवगडला आमची हापूस आंब्याची कलमं आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून थेट विक्री बरीच वर्षं करतो, आणि फायदा आहेच. वाशीच्या घाऊक बाजारात पेटी पाठवली की भाव कळतो तो पट्टी, म्हणजे दलालाचा हिशोब, हातात आल्यावर. इथे पैसे आधी येतात.

पण साका बाहेरून दिसत नाही, हे तो शहाणा सांगत नाही. वरून फळ देखणं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. चौदा आण्याला, म्हणजे पुरतं तयार व्हायच्या जरा आधी, काढलं तरी पेटीत एखादं निघतंच. पूर्वी गिऱ्हाईक फोन करायचं, पुढच्या पेटीत दोन आंबे जास्त टाकायचो, मिटलं. गेल्या मोसमात एका बाईंनी तसल्या फोडीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपात टाकला. वर ‘फसवणूक’, खाली आमचा नंबर. मला फोन नाहीच. तो फोटो कुठे कुठे फिरला देव जाणे, ऑर्डरी रद्द व्हायला लागल्या. आमचा मोसम तो केवढा? खुलासे करत बसलो तर पाऊस येतो.

रीलवाली:
लहान धंद्यांची पेजं सांभाळणं हेच माझं काम, त्यामुळे बोलणारच. काका, एका फोटोने धंदा हलला कारण उत्तर द्यायला तुमच्याकडे जागाच नव्हती. पेज असतं तर साका म्हणजे काय हे तिथेच दाखवता आलं असतं, जुनी गिऱ्हाइकं धावून आली असती. माझी मावशी तळेगावात फराळ करते. लॉकडाउनमध्ये इन्स्टावर सुरुवात केली, आता तिच्या चकल्या न्यू जर्सीला जातात. कुठल्या दुकानदाराने तिला फळीवर जागा दिली असती?

पाटीवाला:
मावशींचं अभिनंदन. आता आमच्या मेव्हण्याचं ऐका. इचलकरंजीत साड्यांचं दुकान, टिकटॉकवर तुफान चालायचं. दुकानाची पाटीसुद्धा रंगवून घेतली नाही, म्हणे पाटी बघतो कोण! 29 जून 2020 ला बंदी आली आणि सगळे फॉलोअर गेले. कुणाकडे दाद मागणार? 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही सहा तास आडवे झाले होते, तेव्हाही तेच. दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेलं दुकान, मालक कधी उठवेल नेम नाही.

रीलवाली:
मग स्वतःचा ओटा मिळेपर्यंत उपाशी बसायचं का? आणि गाळ्याचा मालक उठवत नाही वाटतं?

ठाणेकर_गिऱ्हाईक:
बागायतदारांना ‘फसवणूक’ शब्द झोंबतो, पण आमचंही ऐका. ‘अस्सल देवगड, थेट बागेतून’ असं लिहिलेल्या पेजवरून पेटी मागवली. साल जाड, वास नावाला, आणि आंब्यांखाली पेपर कन्नड! विचारलं तर ब्लॉक. महिन्याभरात तेच फोटो दुसऱ्या नावाच्या पेजवर.

चौदा_आणे:
तेच तर! 2018 मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यात कोकणातले जिल्हे ठरलेले आहेत. पण पेज काढताना सातबारा कोण मागतो? आमच्या बागेतला फोटो उचलून बाहेरचा माल विकतात आणि शिव्या देवगडला.

बेळगावकर:
‘बाहेरचा माल’ म्हणजे काय हो? धारवाडचा हापूस काय झाडाला लागत नाही? कलमं बांधली पोर्तुगीजांनी, गोव्यात. अल्फान्सो हे नाव त्यांच्या आफोन्सो द अल्बुकर्कचं. देवगडकरांनी स्वर्गातून आणल्यासारखं बोलू नये.

चौदा_आणे:
मग धारवाडचा म्हणून विका की! कोणी हात धरलाय? आमचं नाव कशाला लागतं?

बेळगावकर:
कारण तुमच्या नावाला डझनामागे जास्त मिळतात, आणि ते नाव लावणारे व्यापारी तुमच्याकडचेच असतात. आमचा शेतकरी इन्स्टावर देवगड लिहायला बसत नाही. पेटी कुठे बदलली जाते ते आधी बघा, मग आमच्याकडे बोट दाखवा.

ठाणेकर_गिऱ्हाईक:
मला फक्त आंबा गोड हवा होता. पैसे गेले ते गेले.

पाटीवाला:
धागा सोशल मीडियावर होता ना?

बेळगावकर:
आंब्याचा विषय यांनी काढला, मी नाही.

रीलवाली:
बरं, खोट्या पेजांचा त्रास आहे, मान्य. तक्रार केली तरी आठवडे जातात, हेही मान्य. झालं समाधान? पण खोटी पेजं जोरात चालतात कारण खऱ्या बागा तिथे दिसतच नाहीत. आढी लावताना, पेंढ्यात आंबे रचताना एक साधा व्हिडिओ टाका. तो खोट्या पेजवाल्याला कुठून जमणार?

चौदा_आणे:
तो उचलून त्याच्या पेजवर लावेल, एवढं नक्की जमेल. आणि व्हिडिओवाल्यांचं सांगूच नका. एक ‘फूड ब्लॉगर’ आला होता. चार पेट्या फुकट हव्यात, वर पैसे. म्हटलं, रीलवर ‘जाहिरात’ असं लिही, 2021 पासून अ‍ॅस्कीचा, म्हणजे जाहिरातवाल्यांच्याच संस्थेचा, नियम आहे. तर म्हणतो, लिहिलं की रीच पडते. बागेत हिंडला, आंबे चोखले, गेला.

रीलवाली:
त्याला हाकललंत ते उत्तम केलंत. सगळे तसे नसतात.

चौदा_आणे:
असू देत. पुतणी पेज काढून देते म्हणतेय, मोसमाआधी. माझ्या अटी: ब्लॉगरला पेटी नाही, पैसे आधी, आणि माझा नंबर कुठेही दिसता कामा नये. जमलं तर बघू, नाहीतर वाशी आहेच.

रीलवाली:
नंबर नाही तर ऑर्डर कुठे देणार लोक, काका?