नवी बॅटरीही दोन-तीन दिवसांत उतरते: अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) बदलू की आधी काही तपासू?

निळी_हॅचबॅक
पेट्रोल गाडी, १२ व्होल्ट ४५ एएच (अँपिअर-तास) साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी, बसवून चार महिने झालेत. रोजची धाव जाऊन-येऊन १२ किमी. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ नुसता कण्हतो. चावी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, म्हणजे तिथे सगळं ठीक दिसतंय. अल्टरनेटर बदलण्याचा सल्ला मिळालाय.

बॅटरीवरची रिडिंगं: सकाळी इंजिन बंद असताना १२.१. इंजिन सुरू, बाकी सगळं बंद, १३.६. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर १३.०. मल्टीमीटर आहे, वापरता येतो. आणखी काय मोजू?

पाना_दहा
अल्टरनेटरला अजून हात लावू नका. लाल दिवा विझला याचा अर्थ अल्टरनेटर वीज तयार करतोय एवढाच. ती बॅटरीपर्यंत पुरेशी पोचते की नाही, हे दिवा सांगत नाही.

१२.१ म्हणजे बॅटरी निम्म्याच्याही खाली आहे. रात्रभर शांत ठेवलेली पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ ला साधारण पाऊण आणि १२.२ ला अर्धी धरा. अर्धवट बॅटरीवर केलेल्या चाचण्या फसवतात, म्हणून आधी ती बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा. करंट एएचच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे तुमच्यासाठी साडेचार अँपिअरच्या आसपास. सात-आठ तास सहज लागतील. जागा हवेशीर हवी आणि आसपास ठिणगी नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

मग रात्रभर सोडा आणि सकाळी मोजा. १०.५ च्या आसपास दिसलं तर एक सेल गेला (प्रत्येक सेलचे २.१ व्होल्ट), मग पुढचं काही करायची गरज नाही. १२.६ असेल तर कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या क्षणी बॅटरीवर किती उरतात ते बघा. ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी कमजोर.

ओहम
वरच्याशी सहमत. पण मला १३.६ वरून १३.० ही घसरण जास्त खटकतेय. हेडलाइट आणि ब्लोअरच्या लोडवर धडधाकट अल्टरनेटर १४ च्या आसपास टिकायला हवा. मग एकतर अल्टरनेटर कमी देतोय, नाहीतर वाटेत गळती आहे. हे दोन्ही वेगळे करायला पाच मिनिटं पुरतात.

इंजिन सुरू, साधारण १५००–२००० आरपीएम, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डीफॉगर चालू. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा:

१) अल्टरनेटरचा जाड वायरचा बोल्ट आणि अल्टरनेटरची बॉडी, यांच्यामध्ये.
२) तोच बोल्ट आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब. ०.२ पर्यंत चालेल.
३) अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब. इथे ०.१ च्या आत हवं.

प्रोब खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नाही. नाहीतर खांब आणि क्लॅम्प यांच्यामधला गंज मापातून निसटतो. वायरी आणि बाही बेल्ट-पंख्यापासून लांब ठेवा.

जाता जाता मीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीवरही बघा. ०.१ च्या आत असेल तर डायोड (अल्टरनेटरच्या आत एसीचं डीसी करणारे भाग) ठीक आहेत. ०.५ च्या वर गेलं तर डायोड गेला समजा. असा डायोड गाडी बंद असतानाही बॅटरी पीत बसू शकतो.

आणि "इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब" ही चाचणी कुणी सुचवली तर कृपया करू नका. बॅटरी हटली की व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, जाऊ शकतो.

रात्रपाळी
उभ्या गाडीत वीज कोण खातंय तेही मोजा. मीटर १० अँपिअरच्या भोकात, निगेटिव्ह वायर काढून वायर आणि खांब यांच्यामध्ये. दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. चावी लांब. अर्धा-पाऊण तास थांबा, कारण कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात. घाईत घेतलेलं रिडिंग बघून भलतेच फ्यूज उपटले जातात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज उडेल.

५० मिलीअँपिअरपर्यंत ठीक. तेवढ्याने दिवसाला १.२ एएच जातात. ५०० निघाले तर दिवसाला १२ एएच, म्हणजे दोन दिवसांत तुमची अर्धी बॅटरी. जास्त निघालं तर फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजत जा; जिथे दिसतील त्या फ्यूजमधून करंट जातोय. काढून परत लावला की झोपलेलं युनिट जागं होतं.

निळी_हॅचबॅक
सगळं केलं. पूर्ण चार्जनंतर सकाळी १२.६५. सेल्फ मारताना बॅटरीवर ११.१, तरीही सेल्फ मंदच फिरतो. एसी ०.०४. उभ्या गाडीत ३५ मिलीअँपिअर.
ओहमच्या क्रमाने: १) १४.१, २) ०.१२, ३) ०.९५.

ओहम
सापडलं. अल्टरनेटर १४.१ देतोय, त्यातला जवळजवळ एक व्होल्ट अर्थिंग (इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची परतीची वाट) खातंय, बॅटरीच्या वाट्याला १३.० येतात. बॅटरी स्वतः १२.७ ची. तीनदशांश व्होल्टच्या फरकाने करंट आत जाणार तरी किती? १२ किमीत ती भरत नाही, अर्धवट राहते आणि प्लेटांवर सल्फेट साचत जातं.

सेल्फचं रिडिंगही तेच सांगतंय. बॅटरी ढेपाळली असती तर व्होल्टेज पडलं असतं. इथे व्होल्टेज ११.१ वर टिकलंय आणि सेल्फ मात्र मंद, म्हणजे करंट वाटेत अडतोय.

आता ३) चे तुकडे करा, त्याच लोडवर: निगेटिव्ह खांब ते गाडीची बॉडी, मग बॉडी ते इंजिन ब्लॉक. खात्री हवी असेल तर जंपर केबलचं एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला आणि दुसरं निगेटिव्ह खांबाला लावा. इंजिन बंद असताना लावा, मग सुरू करा. बॅटरीवर लगेच १४ च्या आसपास दिसायला हवेत.

निळी_हॅचबॅक
खांब ते बॉडी ०.०४, बॉडी ते इंजिन ०.९१. जंपर लावल्यावर १३.९! बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये एक विणलेली पट्टी आहे, टोकाला हिरवी पडलीय. पॉलिश पेपरने घासून चालेल?

पाना_दहा
बदलाच. हिरवेपणा विणीच्या आत शिरलेला असतो, वरून घासून जात नाही. २५ चौरस मिमीची लवचीक केबल, दोन्ही टोकांना क्रिंप केलेले (दाबून बसवलेले) लग, म्हणजे बोल्टात बसणाऱ्या कड्या. इंजिन हलतं, म्हणून लांबीत थोडी ढील ठेवा. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. दोन्ही बोल्टांखालचा रंग आणि गंज वॉशरएवढ्या गोलात चकचकीत होईपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आवळल्यानंतर, आधी नाही.

मग ३) परत मोजा. ०.१ च्या आत यायला हवं.

रात्रपाळी
एक्सलरेटरची किंवा गिअरची केबलही तपासा. अर्थिंगची पट्टी गेली की करंट त्यातून वाट काढतो, आवरण वितळून केबल जड होते.

जुना_डायनॅमो
पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी: बऱ्याच नव्या गाड्यांत अल्टरनेटर ईसीयूच्या हुकमाने चालतो. बॅटरी भरलेली असेल तर तो १२.८ वर येतो आणि ब्रेक लावताना १५ च्या जवळ जातो. अशा गाडीत एका रिडिंगवर निकाल देऊ नका, हेडलाइट लावून दहा मिनिटं बघा. निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असेल तर जंपर किंवा चार्जरची निगेटिव्ह खांबाला नको, बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा.

निळी_हॅचबॅक
नवी केबल बसवली. ३) आता ०.०६, पूर्ण लोडवर बॅटरीला १३.९, सेल्फ झटक्यात फिरतो. गिअर केबल ठीक आहे. बॅटरीचं काय करू, ठेवू?

पाना_दहा
आणखी एकदा चार्जरने पूर्ण भरा आणि टेस्टरवर सीसीए (थंडीत सेल्फ फिरवायला बॅटरी किती करंट देऊ शकते तो आकडा) काढून लेबलवरच्या आकड्याशी ताडून बघा. जवळपास असेल तर ठेवा. फार खाली असेल तर चार महिन्यांच्या उपासमारीने ती गेली.