छोट्या ट्रॅक्टरला थंडीपुरती केबिन घरच्या घरी करायची आहे

संत्राबाग_वरुड

राम राम मंडळी. आमचा 24 एचपीचा महिंद्रा जिवो 245 ट्रॅक्टर आहे, बागेसाठीच घेतलेला. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की पहाटे कॅरेट भरून ट्रॉली वरुडला मंडीत न्यावी लागते. शिवाय थ्री फेज रात्रीची असली की ओलितासाठी अपरात्री वावरात जाणं आहेच. ट्रॅक्टर बाबाच चालवतात. वय चौसष्ट, गुडघे दुखतात, पण स्टेअरिंग दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नाहीत. मी म्हटलं मी जातो, तर म्हणाले, तू क्लच जाळशील.

मागच्या हिवाळ्यात मंडीत पोचल्यावर त्यांना बोटांनी पावतीवर सही करता येत नव्हती. म्हणून यंदा केबिन करायचं डोक्यात आहे. व्हिडिओत पंजाबकडच्या लोकांनी पूर्ण काचेच्या केबिन केलेल्या पाहिल्या, आत हीटर वगैरे. गावातला वेल्डर म्हणतो, फोटो दाखवा, तसंच करून देतो.

पाईप कोणता घ्यायचा? काच लावू की प्लास्टिक? गरमीसाठी काय करता येईल? आणि केबिन करतोच आहे तर फवारणीला पण चालेल का? आमच्याकडे मागे जोडायचा ब्लोअर आहे. ट्रॅक्टरला सीटच्या मागे रोल बार आहे, छत नाही, सायलेन्सर खालून गेलेला.

पऱ्हाटी_पांढरकवडा

कायची केबिन न् कायचं काय. घोंगडं घ्या, कानटोपी घाला अन् निघा. आमचे आजोबा बंडीवर जिनिंगले जायचे रातभर.

कुलरवाला_आर्वी

वरच्या भाऊनं सांगितलं ते गंमतीत घ्या, पण कानटोपी लागतेच, त्यावर शेवटी येतो.

माझं वेल्डिंगचं दुकान हाय. फेब्रुवारीपासून कुलरच्या बॉड्या अन् स्टँड, तेव्हा जेवाले फुरसत नसते. दिवाळीनंतर मात्र दुकानात माश्या मारत बसा लागते, म्हणून थंडीत असली कामं मी हौसेनं घेतो. तुमच्या वेल्डरले फोटो दाखवू नका. तो तसंच्या तसं बनवून देईन, अन् तेच तुम्हाले महागात पडन.

पूर्ण केबिन करू नका, हे माझं पहिलं म्हणणं. आपल्याकडं थंडी दोन महिन्याची, त्यातही बोचते ते रातची अन् पहाटची. डिसेंबर 2018 मधात नागपूरचा पारा 3.5 वर गेला होता, ते खरं. पण त्याच नागपूरले मे महिन्यात 45 होते. काचेचा डबा पक्का बसवला तर होळीनंतर बाबा त्यात बसणार नाहीत, अन् बागेत फांद्या अडकतीन ते वेगळंच.

थंडी वाजते ते हवेनं. रस्त्यानं 20-25 च्या स्पीडवर ट्रॅक्टर चालला की झाडाचं पान हालत नसलं तरी तेवढा वारा आपणच अंगावर घेतो. तो लागते छातीले, गुडघ्याले अन् स्टेअरिंगवरच्या बोटांले. तेवढं झाका.

समोर एक चौकट करा. एक इंची स्क्वेअर पाईप, 16 गेज. 18 गेज त्याहून पातळ, ते घेऊ नका, वेल्डिंग करताना भोक पडते अन् ट्रॅक्टरच्या थरथरीनं जोडाजवळ चिरते. 16 गेजचा वीस फुटी पाईप सात किलोच्या आसपास भरते, अन् दोन पाईपात तुमचं सगळं काम निघते. चौकटीचे दोन पाय फूटबोर्डच्या बोल्टवर, मागून तिरपा आधार मडगार्डवर. जिथं जिथं लोखंडाले लोखंड लागते तिथं जुन्या टायरचा तुकडा मधात टाका, अन् नट नायलॉक घ्या, आत नायलॉनची कडी असलेला. साधा नट थरथरीनं ढिला होतेच. वेल्डिंग होईल तेवढं जमिनीवर करा. टॅक, म्हणजे वेल्डिंगचा कच्चा टाका, माराले ट्रॅक्टरवर धरावंच लागलं तर आधी बॅटरीचा मायनस काढा.

आता काच. साधी खिडकीची काच चालत नाही, फुटली तर सुऱ्या होतात. टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच, एकदा टफन झाली की कापता येत नाही, मापात चूक झाली की गेली. मी पॉलिकार्बोनेट लावतो, 3 एमएम, भरीव. पत्र्याच्या शेडवर टाकतात ते पोकळ नळ्यांचं नाही, त्यातून धड दिसत नाही. चार बाय अडीच फुटाचा तुकडा साडेतीन किलोच्या आतबाहेर भरते, तेवढीच 5 एमएम काच साडेअकराच्या वर जाते. त्याच्या एका बाजूले उन्हापासून बचावाचा लेप असते, ते बाजू बाहेर ठेवा. फिल्मवर लिहून असते, फिल्म काढायच्या आधी पाहा. पुसताना आधी पाणी मारा. कोरड्या फडक्यानं धूळ पुसली की ओरखडेच ओरखडे. अन् डिझेल, पेट्रोल, थिनर त्याले लागू देऊ नका, बारीक तडे जातात.

अन् हे नीट ऐका. चौकटीची वरची कड बाबांच्या डोळ्याच्या चार बोटं खाली ठेवा. बाबाले सीटवर बसवून माप घ्या, तुमचं घेऊ नका. नजर कडेच्या वरून जाते, हवा कडेले आपटून वर उसळते. त्याच्यानं वायपर नको, दव जमा झालं तरी रस्ता साफ दिसते, समोरच्या गाडीचा लाईट प्लास्टिकवर फाकत नाही. कपाळाले थोडी हवा लागन, तिथं ते कानटोपी कामी येते.

गरमीचं: इंजिनचा पंखा समोरून हवा ओढते, रेडिएटरमधून गरम करून मागं फेकते. उन्हाळ्यात पायावर येणाऱ्या ज्या झळीले आपण शिव्या देतो, ते हिवाळ्यात फुकटचा हीटर हाय. बोनटच्या दोन्ही बाजूनं, इंजिनच्या मागच्या अर्ध्यापासून फूटबोर्डापर्यंत जाड ताडपत्रीचा पडदा लावा. गरम हवा बाजूनं न सुटता सरळ गुडघ्यावर येते. ऑटोरिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडं जा, त्याच्याकडं जाड रेक्झिन, आरपार पीव्हीसी, फिरकी बटन सगळं असते. समोरची जाळी मात्र झाकू नका, अन् सायलेन्सर, मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर सायलेन्सरात नेणारा भाग) यांच्यापासून पडदा वीतभर दूर. मधात पत्र्याची एक पट्टी टाकली तर अजून चांगलं. लावून झाल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण तोडून पाहा, पुढचं चाक पडद्याले घासते का ते.

यंत्र_अकोला

कुलरवाल्या भाऊंची रचना चांगली आहे. मी मागच्या बाजूबद्दल लिहितो, कारण तिथे ताडपत्रीवाले हमखास चुकतात.

मागून बंद करू नका. तुमचा सायलेन्सर खालून गेलेला आहे. बागेच्या ट्रॅक्टरला फांद्यांमुळे तसा देतात. म्हणजे धूर सीटच्या खाली आणि मागेच निघतो. मागून पडदा टाकला तर ट्रॅक्टर उभा असताना तो आत साचेल. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणसाला फक्त जड-जड वाटतं, झोप येते, आणि पहाटे झोप येण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पडदे लावायच्या आधी मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरच्या जोडावर काजळी दिसते का पाहा. दिसली तर आधी गॅस्केट बदला. कोळशाची शेगडी पायाशी ठेवून बसणारे लोक मी पाहिले आहेत. तसलं काही बाबांना सुचू देऊ नका.

दुसरं, पीटीओ, म्हणजे मागची अवजारं फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट. 540 फेऱ्या मिनिटाला, म्हणजे सेकंदाला नऊ. लोंबणारा पडदा, सुटलेली दोरी किंवा बाबांच्या मफलरचं टोक त्यात गेलं तर क्लच दाबायला वेळ मिळत नाही. मडगार्डच्या मागे कापड नकोच. रोटाव्हेटर चालवताना मागे वळून पाहावं लागतं, हायड्रोलिकचा दांडा हाताशी लागतो, तेही मोकळं राहील.

तिसरं, रोल बारला भोक पाडू नका आणि त्यावर वेल्डिंगही नको. आधार घ्यायचाच असेल तर यू-क्लॅम्प. तो बार ट्रॅक्टर उलटला तर माणूस वाचावा म्हणून चाचणी करून दिलेला असतो, एक इंची पाईपची चौकट त्या कामाची नाही. आणि बार उभा असताना सीट बेल्ट लावला तरच त्याचा उपयोग, हे बाबांना पटवता आलं तर पाहा.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आहे. नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. पक्की केबिन केली तर विम्याच्या वेळी प्रश्न येऊ शकतो. बोल्टवर बसणारी, पान्याने निघणारी चौकट त्या मानाने बिनघोर. फक्त इंडिकेटर आणि लाईट झाकले जाऊ देऊ नका, आणि ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावा. पहाटेच्या अंधारात मागून येणाऱ्या ट्रकला ट्रॉली दिसणं हे थंडीपेक्षा मोठं काम आहे.

फवारा_यवतमाळ

फवारणीचं कोणीच उत्तर दिलं नाही, म्हणून लिहितो. नाही चालणार. उलट अंगावर येईल.

आमच्या जिल्ह्यात 2017 च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. कपाशी डोक्याबरोबर वाढली होती, औषधं एकात एक मिसळलेली, तोंडाला साधा रुमाल. तेव्हापासून फवारणी आणि आडोसा हे दोन शब्द एकत्र ऐकले की मला भीती वाटते. ब्लोअर तर औषधाचं धुकंच करतो. कारखान्याची जी फवारणीची केबिन असते तिच्यात हवा कोळशाच्या फिल्टरमधून आत ढकलतात, आतला दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात, म्हणून फटीतून औषध आत येत नाही. ताडपत्रीच्या आडोशात उलटं होतं. धुकं मागून आत येतं आणि कापडात मुरतं. मग तोच पडदा पहाटे मंडीत जाताना बाबांच्या गुडघ्याला लागतो.

फवारणीच्या दिवशी पडदे काढून घरी ठेवा. अंगभर कपडे, हातमोजे, चष्मा आणि औषधासाठीचा फिल्टरवाला मास्क वापरा. ब्लोअर मागे आहे, म्हणून वारा पाठीमागून येईल असं चालू नका, धुकं अंगावर येतं. वारा आडवा राहील असं चला.

संत्राबाग_वरुड

सगळ्यांचे आभार. फवारणीचा विषय डोक्यातून काढला. बाबांना कुलरवाले भाऊंचा मजकूर वाचून दाखवला. डोळ्याच्या खाली कड ठेवायचं त्यांना लगेच पटलं, "काचेत कोंडून घेणार नाही" हे ते आधीपासूनच म्हणत होते. सीट बेल्टवर काही बोलले नाहीत.

दोन शंका. भंगारात जुन्या कारचा हीटर मिळतोय, तो बसवू का? आणि बोटांचं काय? पडद्याची गरम हवा स्टेअरिंगपर्यंत येते का?

कुलरवाला_आर्वी

कारचा हीटर बसते. रेडिएटरच्या होजमधात टी टाकून गरम पाणी त्यात फिरवा लागते, अन् ब्लोअरले फ्यूज टाकून बॅटरीची वायर. पण मागून उघड्या ट्रॅक्टरवर ते हवा दोन हात जाऊन उडून जाते. अन् जुन्या हीटरचा सांधा गळला तर इंजिनचं पाणी रस्त्यात खाली. 24 एचपीचं इंजिन गरम करून बसान. राहू द्या.

बोटांसाठी: चौकटीच्या दोन्ही बाजूनं आरपार पीव्हीसीचे कान शिवून घ्या, एकेक फूट रुंद, स्टेअरिंगच्या चाकाच्या थोडं मागंपर्यंत येतीन असे. बाजूची हवा तिथं तुटते. खालची गरम हवा डॅशच्या फटीतून थोडी वर येतेच, पण बोटं तेवढ्यानं तापत नाहीत. त्याले हातमोजेच. लोकरीचे नको, स्टेअरिंगवर घसरतात. रबराचा तळवा असलेले घ्या.

अन् फेब्रुवारीत काढल्यावर पीव्हीसी घडी घालून ठेवू नका, घडीवर पांढरी रेष पडते अन् मग तिथंच फाटते. गुंडाळी करून तारेनं आड्याले टांगा. कुटाराच्या खोलीत तर बिलकुल नाही. एका गिऱ्हाईकानं ठेवला होता, उंदरानं ताडपत्री सोडून बरोबर खिडकीचाच तुकडा कुरतडला.

बाबांच्या डोळ्याचं माप फूटबोर्डापासून घ्या अन् इथंच टाका. पाईप किती कापाचा ते सांगतो.