विहिरी कुठे खणायच्या हे ऑप्टिमायझरने ठरवताना

खडकफोड्या: एग मॉडेलवर (तेलसाठ्याचं अभ्यासासाठी बनवलेलं काल्पनिक मॉडेल) ४ उत्पादन विहिरींच्या जागा पीएसओने (पक्ष्यांच्या थव्यासारखा शोध घेणारा अल्गोरिदम) शोधतोय, तेलाच्या प्रवाहाचा सिम्युलेटर ओपीएम फ्लो. पण दर रनला वेगळंच उत्तर येतं, जीए (जेनेटिक अल्गोरिदम) वापरू का?

सागरिका: अल्गोरिदम बदलून फार फरक नाही पडणार रे. जागा एक सेल (मॉडेलच्या जाळीतलं एक घर) सरकली की विहीर तेल सहज वाहू देणाऱ्या वाळूच्या चॅनलमधून बाहेर जाते आणि एनपीव्ही (पुढच्या निव्वळ कमाईची आजची किंमत) धाडकन पडतो, म्हणून ठिकठिकाणी खोटी शिखरं दिसतात. मुख्य म्हणजे तू एकाच रिअलायझेशनवर (जमिनीखालच्या रचनेचं एक शक्य रूप) चालवतोयस का? त्या मॉडेलची शंभरेक आहेत, त्यातली थोडी वेगवेगळ्या स्वभावाची निवड आणि सरासरी एनपीव्ही वाढव, नाहीतर जमिनीखाली नसलेल्या चॅनलवर विहीर बसवशील.

तेलकट_पाटील: +१. शिवाय दोन विहिरींमधलं किमान अंतर आधीच घाल. आणि खऱ्या फील्डचा विचार कर, मुंबई हायसारख्या समुद्रातल्या ठिकाणी प्लॅटफॉर्मवर स्लॉट (विहीर खणायच्या जागा) मोजकेच, त्यामुळे जुन्या विहिरीतून साइडट्रॅक (बाजूला नवा फाटा) काढणं हाच बरेचदा परवडणारा पर्याय, तो कोडमध्ये नसेल तर उत्तर कागदावरच राहतं.

खडकफोड्या: एकावरच चालवत होतो! आज रात्री १० घेऊन लावतो.