आंबोली-चौकुळच्या रानातलं घर : जुलैत दिवे जातात, एप्रिलमध्ये पाणी. आधी काय बदलावं?

रानवाट

नमस्कार मंडळी. चौकुळच्या पुढे मालकीच्या जागेत जांभ्याचं दोन खोल्यांचं घर आहे. मंगलोरी कौलं, पश्चिमेला पडवी. विजेची जोडणी नाही आणि घ्यायचीही नाही. महिन्यातले आठ-दहा दिवस घर वापरात, बाकी बंद.

वीज : छपरावर ३३० वॅटची दोन पॅनेल, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या (२४ व्होल्ट, चार वर्षं जुन्या), दीड केव्हीएचा इन्व्हर्टर. ९ वॅटचे पाच दिवे, एक साधा पंखा, लॅपटॉप, फोन आणि अर्ध्या एचपीचा पंप. जुलैत झड लागली की दुसऱ्या रात्री इन्व्हर्टर बंद पडतो.

पाणी : झरा घरापासून २५० मीटरवर, घरापेक्षा साधारण १२ मीटर उंच, आमच्याच हद्दीत. ३२ मिमी एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाईपने अंगणातल्या १,००० लिटरच्या टाकीत पाणी येतं, तिथून पंपाने माळ्यावरच्या टाकीत. एप्रिलमध्ये पाईप कोरडा पडतो.

छप्पर : आढ्याशी गळतं. पश्चिमेची भिंत आतून ओली राहते, बुरशी धरते. मिस्त्री कौलांखाली ताडपत्री घाला म्हणतात.

पाच-पाच हजार लिटरच्या दोन टाक्या आणि आणखी दोन बॅटऱ्या घेण्याचा विचार आहे. पैसे एकदम दोन्हींना पुरणार नाहीत. आधी काय घ्यावं? पावसाआधी काम उरकायचं आहे.

सूर्यकोन

बॅटऱ्या घेऊ नका. जुलैत तुमच्याकडे साठवायला वीजच नाही, मग साठवणीची जागा वाढवून काय होणार? उलट अर्धवट भरलेल्या चार बॅटऱ्या दोन बॅटऱ्यांपेक्षा लवकर मरतील.

आधी खर्च मांडू. दिवे रोज पाच तास : २२५ वॅट-तास. साधा पंखा पाच तास : ३७५. लॅपटॉप-फोन : २००. पंप वीस मिनिटं : १८०. आणि जो कुणी धरत नाही तो खर्च, इन्व्हर्टर नुसता चालू ठेवण्याचा. या आकाराचा इन्व्हर्टर काही न चालवताही २० वॅटच्या आसपास खातो, म्हणजे चोवीस तासांत ४८०. सगळं मिळून दीड युनिटाच्या (१,५०० वॅट-तासांच्या) जवळ, आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा वाया.

जमेची बाजू : घाटमाथ्यावर मार्चमध्ये एक किलोवॅट पॅनेलमागे दिवसाला साडेचार-पाच युनिट मिळतात, तर जुलैच्या झडीत एक-सव्वा. तुमच्या ६६० वॅटमागे पाऊण युनिट धरा, वर झाडाची सावली असेल तर तेही नाही. बॅटऱ्या नव्या असत्या तर निम्म्यापर्यंत उतरवून १,८०० वॅट-तास देत्या. चार वर्षांच्या बॅटऱ्या त्याच्या बऱ्याच खाली आलेल्या असणार. म्हणून दुसरी रात्र.

पहिलं काम खर्च कापण्याचं. दिव्यांची थेट बॅटरीवरून वेगळी २४ व्होल्ट डीसी लाईन काढा, दिवे डीसीचे लावा. मग इन्व्हर्टर फक्त पंखा आणि लॅपटॉपपुरता, दिवसातले सहा तास चालू. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घ्या, ७५ वॅटच्या जागी ३०. पंपाचं पाण्याचे जाणकार सांगतीलच, तो मला अनावश्यक वाटतो. एवढ्याने खर्च ७०० वॅट-तासांवर येतो.

दुसरं, पॅनेल वाढवा. ५४० वॅटची दोन घ्या आणि छपराऐवजी मोकळ्या जागी लोखंडी चौकटीवर बसवा. तोंड दक्षिणेला, उतार १५ अंश. त्याहून सपाट ठेवलीत तर खालच्या कडेला पाणी साचून शेवाळ धरतं. जुन्या ३३० च्या माळेत ही जोडू नका, करंट वेगळा असल्याने मोठी पॅनेलही लहानांच्या चालीने चालतील. त्यांना वेगळा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलची जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) द्या. दोन कंट्रोलर एकाच बॅटरीवर बिनधास्त चालतात.

चौकट २५ मीटर दूर असेल तर दोन्ही पॅनेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडा. ८० व्होल्टला १३ अँपिअर येतात आणि ४ चौमिमीच्या तारेत जेमतेम तीन व्होल्ट पडतात. समांतर जोडलीत तर ४० व्होल्टला २६ अँपिअर, आणि तीच तार सहा व्होल्ट खाते. पण सिरीजमध्ये उघडं व्होल्टेज (काहीच वीज ओढली जात नसतानाचं) ९९ च्या घरात जातं आणि जानेवारीच्या थंड पहाटे शंभर ओलांडतं. १०० व्होल्टचा कंट्रोलर तिथे जळतो. १५० चाच घ्या.

एक सेटिंग विसरू नका. १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीला ३० अँपिअरपेक्षा फार जास्त चार्जिंग करंट सोसत नाही. जुनी पॅनेल उन्हात २४ पर्यंत देतात, म्हणून नव्या कंट्रोलरला १० ची मर्यादा घाला. झडीच्या दिवशी तसेही त्याहून जास्त येत नाहीत, त्यामुळे नुकसान काहीच नाही.

आताच्या बॅटऱ्यांचा निकाल हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) लावा. पूर्ण चार्जनंतर प्रत्येक कप्प्यात १.२४० च्या आसपास हवं. सगळे कप्पे सारखेच कमी असतील तर समतोल चार्ज (सगळे कप्पे सारखे करणारा जादा चार्ज) देऊन बघा (व्होल्टेज बॅटरीसोबतच्या कागदावर असतं). एकच कप्पा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर ती बॅटरी गेली. पाणी डिस्टिल्डच, आणि चार्ज झाल्यावर घाला. आधी घातलंत तर चार्जिंगमध्ये आम्ल उतू जातं.

झरेकरी

रानवाट, टाक्यांचं ठरवण्याआधी एक आकडा द्या. एप्रिल-मेमध्ये झऱ्याच्या तोंडाशी २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो?

रानवाट

गेल्या मे महिन्यात मोजलं होतं, चार मिनिटं. म्हणूनच कोडं पडलं आहे. झरा वाहतो, पाईप मात्र कोरडा.

झरेकरी

मग पाणी भरपूर आहे. चार मिनिटांना २० लिटर म्हणजे मिनिटाला ५, दिवसाला ७,२०० लिटर. दहा हजार लिटरची साठवण कशाला?

तुमचा पाईप हवेने बंद पडतो. २५० मीटरमध्ये १२ मीटर उतार असलेला ३२ मिमी पाईप मोकळा सोडला तर मिनिटाला २५-३० लिटर ओढतो. डिसेंबरमध्ये झरा तेवढं देतो, म्हणून तेव्हा काही जाणवत नाही. एप्रिलमध्ये तो पाचच देतो. पाईप झऱ्याच्या तोंडाशी पाणी जमा होणाऱ्या कुंडीतलं पाणी संपवतो, तोंड उघडं पडतं आणि हवा आत जाते. वाटेत पाईप जिथे उंचवट्यावरून जातो तिथे ती हवा अडकते. नंतर कुंडी भरली तरी पाणी तो बुडबुडा ढकलू शकत नाही.

उपाय खालच्या टोकाला आहे. टाकीच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह बसवा आणि धार मिनिटाला चार लिटरवर आवळा : पाच लिटरचं कॅन सव्वा मिनिटात भरलं पाहिजे. मग कुंडी कायम भरलेली राहते आणि तिच्या वरच्या भोकातून थोडं पाणी वाहत राहतं. ती वाहती धार हीच पाईप भरलेला असल्याची खूण. व्हॉल्व्ह वरच्या टोकाला कधीच लावू नका, तिथे आवळलं की पुढचा पाईप अर्धा रिकामा चालतो आणि हवा पुन्हा आलीच.

उंचवट्यांवर टी टाकून अर्धा इंची कॉक बसवा. पाईप भरताना खालून वर एकेक कॉक उघडायचा, फुसफुस थांबून पाणी आलं की बंद. सगळ्यात खोलगट जागी गाळ काढायला एक मोठा कॉक, आणि तो जून-जुलैत पाणी गढूळ असताना दर आठवड्याला उघडा. घर बंद असेल तर आल्याबरोबर आधी हेच काम.

कुंडी जांभ्याची, दीड बाय दीड फूट पुरे. पाईपचं तोंड तळापासून किमान १५ सेंमी वर, त्यावर जाळी, वर फरशीचं झाकण. झाकण नसेल तर पानं कुजून जाळी आठवड्यात बंद होते. पाईप हातभर खोल गाडा. त्या भागात गव्यांचा वावर आहे, उघड्या पाईपवर गव्याचा पाय पडला की सांधा निखळतो, आणि उन्हाळ्यात उंदीर व साळिंदर पाण्यासाठी पाईप कुरतडतात. गाडता येत नाही तिथे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपचा तुकडा बाहेरून घाला.

आता पंप. झरा १२ मीटर उंच असताना पाणी अंगणात उतरवून परत वर का चढवायचं? तीच १,००० लिटरची टाकी घराच्या वरच्या अंगाला, नळांपेक्षा तीन-चार मीटर उंच जांभ्याच्या चौथऱ्यावर ठेवा. चौथरा टाकीच्या बुडापेक्षा वीतभर रुंद आणि अगदी सपाट हवा, भरलेली टाकी एक टनाची असते. आत फ्लोट व्हॉल्व्ह. टाकी भरली की पाणी झऱ्याशीच वाहून जाईल आणि रानाला मिळेल.

(हा झरा स्वतःच्या हद्दीत आहे म्हणून ठीक. वनखात्याच्या हद्दीत असता तर पाईप टाकण्याआधी परवानगी लागली असती, हे इतर वाचणाऱ्यांसाठी.)

आढं-पाखं

ताडपत्रीला माझा ठाम विरोध. कौलाला चिकटून ताडपत्री घातली की कौलातून झिरपलेली ओल रिपांवर (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांवर) अडकते. आंबोलीत वर्षाला ७,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तिथे अशा रिपा फार वर्षं काढत नाहीत. शिवाय गळती दिसेनाशी होते आणि वासा कुजल्यावरच कळतं.

आढ्याशी गळतं ते बहुतेक कोन्यांखालच्या (आढ्यावरच्या कौलांखालच्या) मालाला चिरा गेल्यामुळे. सिमेंट जास्त घातलेला माल आकसतो आणि कौलापासून सुटतो. जुना माल पूर्ण काढा. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा नरम माल करा, कोने आणि कौलं भिजवून घ्या, आणि माल कोन्याच्या कडेच्या आतच ठेवा, बाहेर फुगू देऊ नका. सावलीत सात दिवस पाणी मारा.

त्याच वेळी सगळं छप्पर शाकारून (कौलं काढून नीट लावून) घ्या, होळी ते एप्रिलअखेर. वळवाच्या सरी सुरू झाल्या की उघडं छप्पर परवडत नाही. कौलं वळचणीकडून आढ्याकडे लावत जायची, पाय कौलावर न देता रिपांवर टाकलेल्या फळीवर. वळचणीच्या दोन ओळी आणि दोन्ही कडांची कौलं तारेने रिपेला बांधा, वारा तिथूनच उचलतो. माकडं-वानरं कौलं हलवतात, तेव्हा ५० कौलं जास्तीची ठेवा, पण त्याच छापाची. दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, आणि ती एक बेजोड जागा पुन्हा गळते.

पश्चिमेच्या भिंतीला पाऊस आडवा लागतो. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारच. आतून ऑइल पेंट किंवा वॉटरप्रूफिंग फासू नका, त्याने ओल भिंतीतच कोंडते आणि पापुद्रे सुटतात. मारा बाहेरून अडवा : पडवीच्या कडेला जून ते सप्टेंबर झापं (विणलेल्या झावळ्या) किंवा पत्र्याचे काढते पडदे, तळाशी वीतभर फट सोडून. आतून चुन्याची सफेदी, दरवर्षी. वासे-रिपांना शाकारताना काजूच्या टरफलाचं तेल लावा, वाळवीला चांगलं अटकाव करतं. हातमोजे घालून, कातडी भाजते.

कडकडाट

वीज कोसळण्याचा विषय राहिला. तिथे जोर एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात असतो, आणि एप्रिल-मेमध्येच जांभा सगळ्यात कोरडा. म्हणजे अर्थिंग नेमकं हवं तेव्हा निकामी. रॉड जांभ्यात जात नाही म्हणून दोन फुटांवर थांबवतात, त्याचा काही उपयोग नाही. त्याऐवजी गुडघाभर खोल, सहा-सात मीटर लांब चर खणून जीआय पट्टी आडवी टाका, बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) मिसळलेल्या मातीने भरा आणि मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. पॅनेलची चौकट, इन्व्हर्टरची बॉडी आणि डीसी एसपीडी (तारेतून आलेला विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण), सगळं त्याच पट्टीला.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. टाक्या आणि बॅटऱ्या दोन्ही रद्द, पॅनेल आणि शाकारणी आधी. घर महिनाभर बंद असताना सोलर चालू ठेवावं की सगळे स्विच पाडावेत?

सूर्यकोन

इन्व्हर्टर मागच्या बटणासकट बंद, दिव्यांचा एमसीबी खाली. जुन्या पॅनेलचा कंट्रोलर मात्र चालूच. ट्यूब्युलर बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर सल्फेट बसतो. नव्या पॅनेलचा आयसोलेटर (तार तोडणारा स्विच) निघताना खाली करा, बंद घरात त्या विजेची गरज नाही आणि वीज कडाडली तर तेवढी लांब तार तरी सुटी राहील. निघण्यापूर्वी बॅटरीचं पाणी वरच्या खुणेपर्यंत, टर्मिनलवर व्हॅसलिनचा थर, आणि इन्व्हर्टरच्या झरोक्यांना बारीक तारेची जाळी. पाल आत शिरून सर्किट बोर्डवर चिकटली की ते दुरुस्त होत नाही. खोलीच्या समोरासमोरच्या झडपा जाळी लावून उघड्या ठेवा, बॅटरीच्या वायूसाठीही आणि बुरशीसाठीही.