प्रतिसाद: सातेरीच्या पेट्या आणि व्हरोआ

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी भागातील मधमाश्यांच्या पेट्या रिकाम्या होण्यामागे व्हरोआ माइटच (माश्यांवर जगणारा बारीक परजीवी कीटकच) असावा, हा वरच्या पोस्टमधला तर्क इटालियन मधमाश्यांच्या बाबतीत पटण्यासारखा आहे. पण तो आपल्याकडच्या सातेरीला, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाशीला, जसाच्या तसा लावता येणार नाही. व्हरोआचा मूळ यजमान सातेरीच असून तिच्या वसाहतीत हा माइट मुख्यतः नरांच्या अळ्यांवर वाढतो, शिवाय कामकरी माश्या अंगावरचे माइट टिपून काढतात, त्यामुळे ते दुखणे सहसा हाताबाहेर जात नाही. सातेरीला खरा धोका आहे तो थाई सॅकब्रूड या अळ्या मारणाऱ्या विषाणूचा. १९७६ साली थायलंडमध्ये आढळलेल्या या रोगाने १९९१-९२ पासून दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या, आणि त्यात कर्नाटकही होते.

कणकुंबीकडच्या आमच्या पाहुण्यांच्या पेटीतील चौकट उचलून पाहिली, तेव्हा अळ्यांच्या घरांची झाकणे कुरतडलेली होती आणि आतल्या अळ्या डोके वर करून ताठ मेलेल्या होत्या; चिमट्याने ओढताच एक अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अखंड बाहेर आली. सॅकब्रूडची हीच खूण. अशा वेळी पाकातून अँटिबायोटिक पाजणे म्हणजे निव्वळ पैशांचा चुराडा, कारण विषाणूवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणे थांबवणे, रोगट फण्या (मेणाची पोळी) काढून टाकणे आणि साथीत तगलेल्या वसाहतींपासूनच पुढच्या राण्या तयार करणे, हे उपाय उरतात. एका पेटीतली फणी दुसरीत घालण्याची आपल्याकडची सवय मात्र साथ असेपर्यंत तरी बंद ठेवावी.